व्याह्यांचा झिरा

आमच्या पवनेत एके काळी इतके मासे होते की पाण्याला उभं राहायला जागा मिळायची नाही. पोहायला उतरलं की आधी दोन्ही हातांनी मासे बाजूला सारायचे, मग कुठं अंगाला पाणी लागायचं. हे वाक्य मी जन्मात पुष्कळदा म्हटलंय आणि दरवेळी ऐकणारे हसलेत. एकच माणूस हसला नाही. तो माझा व्याही झाला.

मुलीच्या सुपारीच्या दिवशी आमच्या पिंपळे गुरवच्या घरात माणसं मावत नव्हती. पाव्हणे बीडकडचे, बालाघाटाच्या डोंगरातले. मुलगा चाकणला गाड्यांच्या कंपनीत. त्याचे वडील भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर टोपी, तोंडात शब्द नाही. मला गप्प माणूस बघवत नाही, माझ्या पायांना मुंग्या येतात. म्हणून मी नदी काढली. आमच्या आजोबांनी धरलेली वांब, सापासारखी लांब मासळी, सांगितली. ती ओढत आणली तर शेपूट आमच्या दारात आणि तोंड अजून सांगवीत. नदीच्या गाळातली, मळईतली वांगी सांगितली, जी दोघांनी मिळून तोडायची. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या अख्ख्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला.

"उन्हाळ्यात बी पाणी ऱ्हातं?"

"ऱ्हातं?" मी म्हणालो. "पाव्हणं, आमाला नदीला हात जोडून सांगावं लागतं, बाई, जरा सरक, शेताला जायला वाट दे."

सगळी बैठक हसली. व्याह्यांनी नुसती मान हलवली आणि ते वाक्य एखाद्यानं कनवटीला सुपारी लावावी तसं ठेवून दिलं.

पुढं नातू झाला. मागच्या वर्षी व्याह्यांची बायको गेली. ते एकटेच त्या डोंगरातल्या घरात राहायला लागले, दोन वेळच्या भाकरी स्वतः थापून. इकडं मुलगी आणि जावई दोघं नोकरीला. जावयाची शिफ्ट बदलती, त्याची कंपनीची बस पहाटे चौकात येते तेव्हा कोंबडीसुद्धा कुशी बदलत असते. मुलीचं म्हणणं, मामांनी इकडंच राहावं. सासऱ्यांना ती मामा म्हणते. नातवाला आजोबा मिळतील, त्यांना गरम जेवण मिळेल. पण मामांचं एकच पालुपद: शहरात माणसानं बसायचं कुठं? गावाकडं सकाळी ते नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन बसतात. पाणी नसलं तरी. चौथ्या मजल्यावर बसून काय करायचं?

शेवटी या उन्हाळ्यात ते यायला तयार झाले, पण नुसतं बघायला. रविवारी काय ते सांगतो म्हणाले. पटलं तर राहीन, नाहीतर परत. आणि परत गेले तर पुन्हा येणार नाहीत हे मुलगीही जाणून होती आणि जावईही.

आदल्या दिवशी मुलगी माझ्याकडं आली. बसली नाही, दारातूनच बोलली.

"नाना, ते तुमच्या नदीच्या भरवशावर येतायत. सुपारीत तुम्ही सांगितली होती. आता तुम्हीच दाखवा."

"दाखवतो की," म्हणालो.

ती गेली आणि माझं जेवण तिथंच राहिलं. खरं म्हणजे मी गावठाणात राहतो, नदी माझ्या घरापासून दगड मारला तर पडेल इतकी जवळ, आणि मी तिच्याकडं शेवटचा कधी गेलो ते सांगायला पंचांगवाला लागेल. पुलावरून जातो, गाडीची काच वर करून. आमच्या काठचे डास आता असे आहेत की चावायच्या आधी रक्तगट विचारतात. पाणी दिसत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, हिरवीगार, वर जांभळी फुलं. कुणी म्हणतं खाली पाणी आहे. असेल. खालच्या बाजूनं बघून आलेला कुणी मला भेटलेला नाही.

व्याही आले. एक पिशवी, एक घोंगडी. मुलीनं चहा दिला आणि त्यांना गॅलरीत नेलं. मुलीची ही बिल्डिंग आमच्या गावठाणाशेजारी, नदीला लागूनच; बांधणाऱ्यानं जाहिरातीत नदीचं चित्र काढलं होतं, त्यात होडी होती आणि होडीत एक गोरं जोडपं. राहायला आल्यापासून त्या गॅलरीचं दार मुलीनं डासांमुळं उघडलेलं नव्हतं. आता ते उघडलं. व्याही कठड्याला धरून उभे राहिले आणि खाली पसरलेली ती हिरवळ बघत बसले.

"रान कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. माझ्या तोंडाची एक खोड आहे, डोक्याला विचारायच्या आत ते निघतं.

"आमच्याच भावकीचं," म्हणालो.

"काय पीक?"

"घास. जनावरांचा."

"वास कशाचा येतोय?"

"शेणखत घातलंय. ताजं."

त्यांनी मान हलवली. डोंगरातल्या माणसाला एवढा हिरवा घास उन्हाळ्यात बघून भरूनच आलं असावं. मग त्यांनी विचारलं, नदी कुठंय? मी म्हणालो, रानाच्या पलीकडं, जरा लांब, उद्या गाडीनं नेतो. मुलगी आत जाऊन भांडी आपटायला लागली.

संध्याकाळी ते गावठाणात माझ्याकडं आले. माझ्या चुलत भावाचा तिथं अजून एक गोठा आहे. आजूबाजूला बिल्डिंगी, मधे दोन म्हशी. बायका गॅलरीतून त्यांच्यावर साड्यांचं पाणी गाळतात. व्याह्यांनी म्हशींच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, एवढा घास असताना जनावरं अशी कामून? आता त्या घटकेला मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी म्हणालो, काय करता पाव्हणं, कापायला माणूस मिळत न्हाई. सगळे कंपनीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी रात्रीच रस्ता आखून ठेवला होता, असा की वाटेत एकही पूल लागू नये. पूल लागला की खाली नदी दिसणार आणि माझं रान बुडणार. राहटणी, थेरगाव, ताथवडे, पुनावळे, सगळं एकाच काठानं. ट्रॅफिक असा की माझ्यापुढच्या रिक्षातल्या पोराला सिग्नल सुटेपर्यंत मिसरूड फुटलं. मी हॉर्नवर हात ठेवून आणि दुसऱ्या हातानं नदीचा इतिहास सांगत. जिथं तिथं उंच इमारती, आणि मी व्याह्यांना सांगतोय, इथं ऊस होता, इथं भोपळे होते, आमच्या काठच्या वीटभट्टीवर आमचे काका मुकादम होते आणि त्यांची मिशी एवढी की तिच्यावर विटा वाळत घालायचे.

खरंही बरंच सांगितलं. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो ते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पात्रातल्या गाळात, मळईवर, वांगी आणि काकडी लावायचे ते. खंड्या नावाचा निळा पक्षी काठावरच्या मातीत बीळ करायचा आणि आम्ही त्याच्या बिळात हात घालायचो ते. मग कंपन्या आल्या, कामाला माणसं आली, माणसांना घरं लागली, घरांना वाळू लागली. नदीतली वाळू उपसून उपसून घरं झाली आणि त्या घरांच्या मोऱ्या परत नदीत सोडल्या. माझ्या बोलण्यात खरं कुठं संपतं आणि थाप कुठं सुरू होते हे मलाही नेहमी कळत नाही, पण एवढं मात्र खरं होतं. व्याही खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी कुठं हसायचं आणि कुठं नाही हे ठरवलं नव्हतं.

रावेतच्या बंधाऱ्याच्या पुष्कळ वर, मावळ सुरू होतो तिथं, मी गाडी थांबवली. बंधाऱ्यावर शहराचं पिण्याचं पाणी उचलतात, तोवर नदी बरी असते. तिथं पाणी वाहत होतं, खडक होते, खडकांच्या मधे वाळूची पट्टी. एक पाणकावळा पंख पसरून असा बसला होता की मीच त्याला आणून बसवलं असं वाटावं.

व्याह्यांनी वहाणा काढल्या. पाण्यात गेले नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडं वाळूत उकिडवे बसले आणि हातांनी खड्डा करायला लागले. मी म्हणालो, अहो, पाणी समोर वाहतंय. ते म्हणाले, वाहतं पाणी जनावराचं, माणसाचं झिऱ्यातलं. त्यांच्याकडं उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की पात्रात असाच खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. वाळूतून पाझरून पाणी येतं. पहिलं गढूळ, ते करवंटीनं उपसून टाकायचं. पुन्हा भरतं, पुन्हा टाकायचं. असं करत करत नितळ येतं. त्यांच्या बायकोनं आयुष्यभर तेच पाणी भरलं. हे सगळं मला त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, खड्डा करता करता. मला बसवत नव्हतं, मी काठानं येरझाऱ्या घालत होतो, मोबाइल बघत होतो.

मग पाणी नितळलं. त्यांनी ओंजळीनं प्यायलं, मलाही दिलं. वाळूचा गार वास. मी मोबाइल खिशात घातला आणि दुसरी ओंजळ घेतली.

"येतो मी," ते म्हणाले. "ऱ्हायाला."

मी तिथूनच मुलीला फोन लावला. ती फोनवर रडली. मला वाटलं, झालं, जिंकली लढाई. परतताना व्याह्यांनी विचारलं, रोज चालत यायचं म्हणलं तर किती येळ लागंल? आणि मी, विजयाच्या तोऱ्यात, म्हणालो, चहा गार व्हायच्या आत पोचाल. रान ओलांडलं की आलंच.

शनिवारी सकाळी मुलीचा फोन. मामा घरात नाहीत. वॉचमन म्हणाला, आजोबा माळ्याचा विळा मागून मागच्या गेटनं गेले.

विळा हा शब्द ऐकला आणि मला सगळं एकदम दिसलं. मी पायात चप्पल न घालता निघालो. आमच्या गल्लीतून मागच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ती गल्ली कुणीतरी ओढून लांब केली होती. ट्रॅकवर माणसं हात हलवत चालत होती, कानात वायरी. मी प्रत्येकाला विचारत होतो, टोपीवाले म्हातारे बघितले का. कुणी कानातली वायर काढली नाही. ट्रॅकच्या खाली राडारोड्याचा उतार, फुटक्या फरश्या, कमोड, सिमेंटचे गठ्ठे. मी बसत, घसरत उतरलो. मनात एकच हिशेब चालला होता, मुलीला काय सांगायचं.

व्याही खाली एका फरशीच्या ढिगावर बसले होते. कमरेपर्यंत काळे. धोतर काळं, हात काळे, टोपी तेवढी पांढरी. शेजारी जलपर्णीचा एक भारा, व्यवस्थित बांधलेला. त्यांनी काठावरची कापली होती आणि पुढची कापायला रानात पाय टाकला होता. रानानं आत घेतलं. बाभळीची एक फांदी हाताला लागली म्हणून बाहेर आले.

मी धापा टाकत त्यांच्यापुढं उभा राहिलो. त्यांनी मला खालून वर बघितलं, अनवाणी पायांपासून.

"व्याही," ते म्हणाले, "तुमचं रान लई पातळ हाय."

मला हसू आलं नाही. मी हात पुढं केला, म्हणालो, चला वर, आंघोळ करा. पण ते उठेनात. असं काळ्या पायांनी सुनेच्या घरात जायचं नाही, पोर चालायला लागलंय, फरशीवर बसतं. इथंच पाय धुतो म्हणाले. मी म्हणालो, कशानं धुता, हे काय पाणी आहे? ते म्हणाले, झिरा करू.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. घाण आहे, रोग होतील, काचा असतील. त्यांनी विळ्यानं खणायला सुरुवात केली. फोन वाजतोय, मुलीला सांगितलं सापडले, ठीक आहेत, ट्रॅकवर नको येऊ, खाली नको उतरू, पोराला सांभाळ. आणि इकडं हा माणूस शांतपणे शहराच्या मोरीत पाणी शोधतोय. शेवटी मीही एक फरशीचा तुकडा घेतला आणि खणायला बसलो. उभं राहून तरी काय करणार होतो.

वर फरश्या निघाल्या, त्याखाली पिशव्या. पिशव्यांचे थर असे की पुस्तकाची पानं उलटावीत. कुणाच्या देव्हाऱ्यातलं निर्माल्य, पिशवीसकट. लहान मुलाची चप्पल. त्याखाली काळा गाळ, गुळगुळीत, डांबरासारखा, त्याचा वास असा की ट्रॅकवरच्या एकानं वरून विचारलं, काय मेलंय का? त्याखाली लाल विटांचे तुकडे. मी ते बघून थांबलो. ते आमच्या भट्टीचे. काका इथंच उभे राहायचे, आणि त्यांना मिशी नव्हती. मला ते सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलं. व्याह्यांनी मान हलवली, जशी ते माझ्या प्रत्येक गोष्टीला हलवतात.

विटांच्या खाली वाळू लागली. थोडी, मळकी, पण वाळू. तिच्यात शिंपल्यांचे तुकडे. लहानपणी आम्ही त्या शिंपल्यांनी कच्च्या कैऱ्या सोलायचो. आत पाणी जमायला लागलं. काळं. व्याह्यांनी एक दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा शोधला आणि उपसायला लागले. पाणी पुन्हा भरलं. पुन्हा काळं. पुन्हा उपसलं. समोर जलपर्णीवर शेकाट्या चालत होत्या, लाल लांब पायांची पाखरं, घाणीवर पोसलेली, आणि त्यांना आमच्याइतकी घाई नव्हती.

"दुपारपर्यंत नितळतंय," व्याही म्हणाले.

"न्हाई नितळणार," मी म्हणालो.

"नितळतंय. वाळू हाय ना."

आम्ही आळीपाळीनं उपसत बसलो. ऊन वर आलं. मग डबा माझ्या हातात देताना त्यांनी, अगदी सहज, विचारलं.

"आमच्यात पानी आटलं की मान्सं गाव सोडत्यात. तुमचं तर आटलं न्हाई. मग तुमी कामून उठलाव नदीवरनं?"

एरवी मला प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं, आणि उत्तराबरोबर वांब, वांग्याची गोष्ट आणि काकांची मिशी. मी तोंड उघडलं. एका साधूनं शाप दिला इथपर्यंत आलोसुद्धा होतो.

"घरात नळ आला," म्हणालो.

"नळाला पानी कुठलं?"

"परवा बघितलं ते. वरचं. रावेतवरून उचलतात."

त्यांनी हातातली काडी खड्ड्यात बुडवून पाणी किती चढलं ते बघितलं.

"मंजी तुमी नदी घरात घेतलीच हाय," ते म्हणाले. "पुढल्या दारानं घेता, मागल्या दारानं हाकलता."

मी डबा भरून बाजूला ओतला. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा पाणी पुजायला बायका याच काठावर आल्या होत्या, पाच खडे मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. नातवाच्या वेळी आम्ही ते न्हाणीघरात, बादलीसमोर केलं. मुलीला तेव्हा विचित्र वाटलं होतं. मी म्हणालो होतो, बादलीतही तीच नदी. थाप म्हणून म्हणालो होतो.

दुपार झाली. पाणी नितळलं नाही. काळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं चहासारखं, आणि तिथंच अडलं. व्याह्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा उपसलं, पुन्हा. चहाचा रंग काही हलला नाही. त्या झिऱ्यानं त्यांना फसवलं होतं आणि ते मान्य करायला त्यांना वेळ लागला. शेवटी त्याच पाण्यानं त्यांनी पाय धुतले, मग मी धुतले. धुतल्यावर आधीपेक्षा बरे दिसत होते इतकंच. भारा तिथंच ठेवला. म्हशींनी तो हुंगलाही नसता, हे मी त्यांना सांगितलं, आणि हेही खरं सांगितलं.

रविवारी ते काही बोलले नाहीत. मुलीनं पुरणपोळी केली. जावई सुट्टी काढून घरी. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतायत, आणि ते नातवाला मांडीवर घेऊन कणकेचा बैल करून देतायत. जेवण झाल्यावर त्यांनी जावयाला सांगितलं, पुढच्या आठवड्यात गावाकडं जाऊन ये. माझ्या मनात आलं, संपलं. मुलगा बापाला गाडीत बसवून सोडून येणार. मुलीचा चेहरा पडला. ती ताटं उचलायला लागली, आणि मी कशाचं तरी निमित्त करून घरी निघून आलो. घरी येऊन बसलो नाही, पंख्याखाली उभाच राहिलो. बायको म्हणाली, बसा की. म्हणालो, बसून काय करू. तिनं विचारलं नाही कशाबद्दल बोलतोय. ती माझ्याबरोबर पुष्कळ वर्षं राहिली आहे.

जावई आठवड्यानं एकटाच गावाला गेला आणि परत आला. मी तिथंच होतो, मुलीनं बोलावलं होतं. त्यानं दारात पाठीवरून एक पोतं उतरवलं. त्यातून करवंट्या निघाल्या, एक घमेलं, आणि व्याह्यांचं खोरं. दांडा हातानं घासून काळा आणि गुळगुळीत झालेला. गाव सोडताना माणूस घरातलं बाकी काय काय आणतो, फोटो, भांडी, कपाट. त्यांनी फक्त तेवढंच मागवलं होतं.

मुलगी ते खोरं बघून आत गेली. मी तिच्या मागं गेलो. म्हणालो, अगं, रडतेस कशाला, खोरं तर आलंय. ती म्हणाली, म्हणूनच.

आता रोज सकाळी, जावयाची बस गेली की, व्याही माझ्या दारात उभे असतात. मुलीनं हुकूम काढलाय की मामांना त्या काठावर एकटं सोडायचं नाही, आणि घरात रिकामा माणूस मीच. मी चप्पल घालतो, कुरकुरतो, पाय ओढत जातो. झिरा रोज रात्रीत भरतो, गाळ बसतो, कुणीतरी पिशवी टाकतं. आम्ही पुन्हा उपसतो. त्यांचं म्हणणं, अजून जरा खोल गेलं की नितळ लागेल. माझं म्हणणं, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की हा खड्डा, ही जलपर्णी आणि आम्ही दोघं एकदम सांगवीला पोचू. त्यावर त्यांनी मला सांगितलं, मग पूर ओसरल्यावर दुसरा करू.

ट्रॅकवरची माणसं आता थांबतात. कानातली वायर काढतात. काय खणताय काका, म्हणून विचारतात. एकाला मी सांगितलं, सरदाराची तोफ आहे. एका बाईला म्हणालो, बोअर घेतोय, परवानगी नाही, बोलू नका कुठं. आयटीतल्या एका पोराला सांगितलं की खाली एक मासा आहे, म्हातारा, तो नदी पुन्हा सुरू करायचं बटण सांभाळून बसलाय. तो पोरगा हसला नाही. खाली उतरून खड्ड्यात वाकून बघायला लागला. मी पुढं सांगायला तोंड उघडलं तर व्याह्यांनी करवंटी माझ्या हातात दिली.

"आधी उपसा," म्हणाले. "मग सांगा."